मधल्यातली वांदरं

२४ ऑगस्ट, पोळ्याची कर

काल बैलांचे लाड झाले. आज कर. सकाळीच दोन्ही गावांतली पोरं डफडी बडवत निघाली आणि इडापिडा, खोकला, खरूज, जे जे नको ते सगळं आरोळ्या ठोकून शिवेपार हाकलून गेली. शिवेपार म्हणजे आमच्या दारात. उगवतीला साखरदरा, मावळतीला मोहगव्हाण आणि दोघांच्या बरोब्बर शिवेवर आमची ही तिसेक घरांची वस्ती. हिला धड नावही नाही. दोन्हीकडचे लोक 'मधलं' म्हणतात.

पूर्वी दोन्ही गावांची मिळून एक ग्रामपंचायत होती. ती फुटून दोन झाल्या. दोघे भाऊ वेगळे निघाले, वाट्या-चमचे मोजून घेतले, घंगाळासाठी डोकी फोडली, आणि म्हातारी माय ओसरीवर बसून आहे हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ती म्हातारी म्हणजे मधलं. ना साखरदऱ्याच्या दप्तरात, ना मोहगव्हाणच्या. नळ नाही, नाली नाही, खांबावर दिवा नाही. मोठ्या निवडणुकीत मात्र पुढाऱ्यांच्या गाड्यांना आमची वाट बिनचूक सापडते.

आजची इडापिडा नव्या तऱ्हेची होती. साखरदऱ्याकडून टेम्पो आला, वांदरं पकडणाऱ्या उकंडरावाने पिंजरे उघडले आणि लालतोंड्यांचा अख्खा कळप माझ्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवर चढला. प्रत्येकाच्या शेपटीला निळा रंग.

"हे रंगपंचमी कायची रे?" मी विचारलं.

"काकाजी, वांदरामागं पैसे भेटतात, एकच वांदर दोनदा मोजू नये म्हणून पंचायतीनं सांगतलं. माह्यावर भरोसा नाई त्याइचा."

"अन् सोडाले आमचंच दार सापडलं काय?"

"हद्दीबाहेर सोडा, असा ठराव हाय. हद्द हे अठीच संपते." त्याने पायाने मातीत रेघ ओढून दाखवली. रेघ आमच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर होती.

मी त्याला चार शब्द सुनावणार, तोवर आमची मनकर्णा त्याच्यासाठी चहा घेऊन आली. वर विचारते कशी, "पिंजऱ्यात पाणी ठेवलं होतं का रे लेकरांसाठी?" लेकरं म्हणे! या बाईला शत्रू कोण आणि पाहुणा कोण, चाळीस वर्षांच्या संसारात उमजलं नाही.

२९ ऑगस्ट

मोहगव्हाणही शहाणं झालं. त्यांनी त्याच उकंडरावाला बोलावलं आणि आपली वांदरं गेरूने रंगवून आमच्या मावळतीच्या बाजूला ओतली.

दुपारभर निळे आणि गेरूवाले आमच्या टिनांवर लढले. दात विचकून, केस फुगवून, एकेका घरासाठी. माझ्या गिरणीचा टिनपत्रा निळ्यांनी जिंकला, शेजारच्या वाहेदच्या घराचा गेरूवाल्यांनी. मी अंगणात उभा राहून पाहिलं आणि मनात म्हटलं, पाहा बाप्पा, दोन गावांच्या पंचायती 'आमचं नाही, आमचं नाही' म्हणून हात झटकून राहिल्या, आणि इथे वांदरं 'आमचं आहे, आमचं आहे' म्हणून रक्त सांडतात. मधल्यावर हक्क सांगणारं आजवर हेच पहिलं शासन.

९ सप्टेंबर

साखरदऱ्याच्या ग्रामपंचायतीत गेलो. सरपंच मयुरीबाई आहे. खुर्चीवर तिचा नवरा राजकुमार बसतो. ती बाजूच्या फायबरच्या खुर्चीत बसून तो सांगेल तिथे सही करते. राजकुमारच्या गळ्यात एवढी जाड साखळी की मान वाकून माणूस नम्र वाटतो.

"काकाजी, वांदर म्हंजे वन्य जीव," तो म्हणाला. "त्याले हद्द नसते."

"मंग हद्दीबाहेर सोडाचा ठराव काऊन केला?"

"हद्द आमाले हाय ना!"

खुर्चीत बसलं की माणसाला अक्कल येते म्हणतात. मी आलेली पाहिली नाही, असलेली गेलेली पाहिली. तिथून वनखात्याच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, तुमच्या ग्रामपंचायतीचा ठराव आणा. मी म्हटलं, आम्हाला ग्रामपंचायत नाही. तो म्हणाला, मग आधी ती आणा. जसं काही ती किराणा दुकानात मिळते.

घरी आलो तर मनकर्णा कडुनिंबाखाली बसलेली. रोज संध्याकाळी तिची ही बैठक. विहिरीवर उद्या कोणाची पाळी आधी, कोणाच्या सांडपाण्याचा ओघळ कोणाच्या दारात जातो, रस्त्यावर मुरूम टाकायला कोणाची गाडी निघेल, असल्या रिकाम्या चौकशा. बायका भांडत येतात आणि गप्प होऊन जातात. मी म्हटलं, बाई, इथे राज्याचा प्रश्न पेटला आहे आणि तू ओघळ मोजत बसली.

"तुमचा प्रश्न पेटला, तर तेवढ्यात ताटं घासून ठेवा," म्हणाली. "आज माह्यावाले हात दुखतात."

२१ सप्टेंबर

वांदरांनी अमीनाचं नेट फाडलं.

हे नीट लिहून ठेवतो. वाहेदचा बाप आणि मी एकाच साली इथे राहायला आलो. तो गेला, पण वाहेद आणि त्याची बायको अमीना आमच्या भिंतीला भिंत लावून आहेत. मला काकाच म्हणतात. त्यांनी कर्ज काढून हिरव्या जाळीचं शेडनेट उभारलं आणि आत बियाण्याची मिरची लावली. मिरचीच्या मादी झाडाची कळी चिमट्याने उघडायची, तिचे पुंकेसर काढायचे, नर झाडाचं पराग बोटाने तिला लावायचं आणि खुणेचा लाल धागा बांधायचा. बायका याला क्रॉसिंग म्हणतात. वस्तीतल्या निम्म्या बायका तिथे कामाला येतात, कारण अमीनाचा हात त्यात बसलेला. जाळीला भोक पडलं की माशा आत येतात, बाहेरचं पराग आणतात, बियाण्यात भेसळ होते. मग बियाणं घेणारी कंपनी फळाला हात लावत नाही.

अजून क्रॉसिंग सुरू व्हायचं आहे, म्हणून आज निभावलं. पण वाहेद मोडल्यासारखा बसला होता.

"काका, हंगामात असं झालं तर मी अठी राहून काय करू? खामगावले भाऊ बोलावूनच राह्यला. त्याच्या दुकानात बसीन."

वाहेद गेला तर माझ्या शेजारची भिंत मुकी होईल. हे मी त्याला बोललो नाही. मी बोललो, "थांब, मी अर्ज करतो."

मनकर्णेने अर्जाचं नाव काढलं नाही. तिने दाभण घेतलं, सुतळी घेतली, पाच-सात बायकांना हाका मारल्या आणि दिवस मावळेपर्यंत जाळी शिवून काढली. तात्पुरती मलमपट्टी. मुळावर घाव घालायचा म्हणजे शासनच लागतं.

२ ऑक्टोबर

आज दोन्ही गावांत ग्रामसभा. साखरदऱ्यात मी गेलो, मोहगव्हाणला वाहेदला पाठवलं.

सभेत माणसं कमी आणि सतरंज्या जास्त. मधल्याचा विषय आपल्या अखत्यारीत येत नाही, असं राजकुमारने वाचून दाखवलं. मी उठलो. "विषय तुमचा नाई, ठीक हाय. मंग वांदरं तरी घेऊन जा. ते तुमची हायेत."

"आमचीच कशावरून? शिक्का मारेल हाय काय?"

याचीच वाट पाहत होतो. वाहेदच्या पोरीच्या, मलिहाच्या मोबाइलवर निळ्या शेपटीचा फोटो काढून नेला होता, तो सगळ्यांपुढे धरला. लोक खो-खो हसले. मला वाटलं, जिंकलो.

राजकुमारने फोटो निरखून पाहिला. म्हणाला, "होते. साखरदऱ्याचे रहिवासी होते. पन आता ते कायमचे तुमच्याकडे राहाले गेले. स्थलांतर झालं, काकाजी."

आता तर लोक गडबडा लोळले. एवढ्या गोंधळात सरपंच मयुरीबाईने मला काय विचारावं? "काका, अमीनाबाईचं नेट फाटलं म्हनतात. शिवलं काय?" सरपंचाने विचारायचा प्रश्न आहे का हा! ठरावावर बोलायचं सोडून जाळी शिवली का म्हणे. मी नुसती मान हलवली आणि निघालो.

वाहेद हसत परत आला. "काका, मोहगव्हाणवाल्यांनी लय इज्जतीनं वागवलं. चहा पाजला, पान देल्लं अन् सांगतलं, साखरदऱ्यात विचारा."

७ ऑक्टोबर

क्रॉसिंग सुरू झालं, आणि इकडे आमच्या घरात नवं खूळ शिरलं. मनकर्णेने काल कडुनिंबाखाली जाहीर केलं, की रोज सकाळी वांदरांना भाकरी घालायच्या. वस्तीत नाही, पल्याडच्या जुन्या खदानीत. घरटी एक भाकर, आणि नेऊन टाकायची पाळी लावून. निळ्यांना खदानीच्या या अंगाला, गेरूवाल्यांना त्या अंगाला, म्हणजे पंगतीत भांडण नको.

मी म्हटलं, "ज्यांनी अमीनाची जाळी फाडली त्याइले जेवणावळ? तू कोणाकडून हाय?"

"उपाशी वांदर जाळी फाडते. भरल्या पोटाचं वांदर निजते."

"अन् आदत लागली तर?"

"लागूच द्या. खदानीचीच लागन."

लोकांनी तरी नाही म्हणावं! पण सगळ्यांनी मुकाट मान्य केलं. ज्या माणसांनी पाण्याच्या टाकीसाठी वर्गणी काढताना माझ्यापुढे तोंडं लपवली, ती माणसं वांदरांसाठी टोपलीत भाकर टाकतात. अमीनाने तर दोन टाकल्या. मला पाळी आली तेव्हा सांगितलं, कंबर दुखते. मनकर्णा म्हणाली, "दुखते तर हळू हळू जा." गेलो.

१९ ऑक्टोबर

नेटकडे एकही वांदर फिरकलं नाही. वस्तीत चिडीचूप. माझ्या अर्जांचा वचक बसला, हे उघड आहे. पंचायत समिती, तहसील, वनखातं, सगळीकडे प्रती गेल्या होत्या. उकंडरावालाही कोणी दम दिला असावा. कागदात ताकद असते, फक्त लिहिणारा पाहिजे.

वाहेदला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "होय काका," आणि टोपली उचलून खदानीकडे गेला. त्याची पाळी होती.

२७ ऑक्टोबर

अर्जाला फळ आलं! पंचायत समितीचे साहेब स्वतः जीपने आले. मी सकाळपासून स्वच्छ धोतर नेसून बसलो होतो. सगळी वस्ती फिरवून दाखवली. साहेब तरुण, पण कान देऊन ऐकणारा.

"विहीर स्वच्छ आहे. गाळ कोण काढतं?"

"लोकच काढतात, साहेब. उन्हाळ्यात. दुसरं कोण काढणार?"

"रस्त्यावर मुरूम ताजा दिसतो."

"तेही लोकच. बैलगाड्या लावून."

"मग इथला कारभार कोण पाहतं?"

हाच तर घाव होता. मी हात जोडले. "कोणीच नाही साहेब. बेवारस आहोत. कोणी वाली नाही म्हणूनच तर एवढे अर्ज."

नेमक्या त्याच वेळी मनकर्णेने माझी शोभा केली. जीपचा ड्रायव्हर बाटली भरायला विहिरीवर गेला, तर कडुनिंबाखालून ओरडली, "भाऊ, जरा दम धरा. ते लेकराची माय आधी. मंग तुम्ही." सरकारी माणसाला रांगेत उभं केलं! मी लाजेने मेलो. वर मागच्या घरांतल्या दोघी सांडपाण्यावरून भांडत तिच्यापुढे आल्या, त्यांचंही साहेबांसमोरच सुरू झालं. साहेब बराच वेळ तिकडे पाहत उभे राहिले. जाताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. मला नुसता हात हलवला. बाई माणसाचा मान ठेवला असेल.

१० नोव्हेंबर

हुकूम आला. कायमचा निर्णय होईपर्यंत मधल्याचं साखरदऱ्याने पाहावं! मी हुकूम दोनदा वाचला आणि डोळे पुसले. आपल्याला कोणीतरी आपलं म्हटलं.

दुपारी राजकुमार फ्लेक्स घेऊन आला. फ्लेक्सवर तो एवढा मोठा आणि मयुरीबाई कोपऱ्यात टिकलीएवढी. ज्याने सभेत वांदरांचं स्थलांतर केलं तोच आज म्हणतो, मधलं माझ्या काळजात आहे. भाषण झाल्यावर त्याने एक लोखंडी पाटी रोवली. 'वानरांना खाद्य देण्यास सक्त मनाई. हुकमावरून.' खाऊ घातल्याने उपद्रव वाढतो, असं त्याने समजावलं.

मी टाळ्या वाजवल्या. हेच तर मी महिनाभर घरात बोंबलत होतो! शासन आल्याबरोबर पहिल्या दिवशी अक्कल आली. मनकर्णा भाकरीच्या टोपलीवर फडकं टाकून आत निघून गेली. अमीना तिच्यामागोमाग गेली.

१३ नोव्हेंबर

लिहायला हात उठत नाही.

दोन दिवस वांदरं खदानीत बसून राहिली. आज सकाळी उठली आणि निळी, गेरूवाली, सगळी एकत्र येऊन नेटवर पडली. एक अख्खी बाजू फाडली. मिरचीची झाडं मुळासकट उपटून फेकली. मी काठी घेऊन धावलो, पण माझ्या काठीला आता कोण भितं? हाकलेपर्यंत व्हायचं ते झालं.

अमीना मातीत बसून मोडलेल्या फांद्या गोळा करत होती. एकेका फांदीला लाल धागे बांधलेले. सव्वा महिना बोटांनी केलेलं काम. ती रडत नव्हती, नुसते धागे सरळ करत होती.

राजकुमारला फोन लावला. "काकाजी, मीटिंगमधी हाय." पुन्हा लावला. "वांदर वनखात्याकडे येते." तिसऱ्यांदा त्याने उचललाच नाही. तीन दिवसांचं शासन, आणि आवाज तोच जुना.

वाहेद म्हणाला, "बस झालं, काका. सोमवारी कंपनीचा मानूस येऊन पाहीन अन् सगळंच खारीज करीन. उद्या टेम्पो सांगतला मी."

१४ नोव्हेंबर

टेम्पो आला. वाहेदने कपाट चढवलं, अमीनाची शिलाई मशीन चढवली, दोर बांधला. मी दारात उभा. काय सांगून थांबवावं? अर्ज करतो, एवढंच मला येतं, आणि ते सांगायची आज मला लाज वाटली.

मनकर्णा आली. हातात दाभण, मागे वस्तीतल्या सगळ्या बायका, आणि त्यांच्या मागे पुरुष जाळीची भेंडोळी घेऊन.

"वाहेद, दोर सोड."

"काकू, आता काई उपेग नाई. अन् तुम्ही भाकरी टाकू म्हनसान, पन सरपंचाचा बोर्ड हाय ना."

"बोर्ड वांदराले वाचता येते काय?"

वाहेदला हसू आलं, आणि त्याच हसण्यात तो रडला. मनकर्णा म्हणाली, "तीन बाजू चांगल्या हायेत. फाटेल बाजू मधातून जाळी लावून आजच्या आज तोडून टाकू, म्हंजे माशी तिकडेच राहीन. कपाट कुठं पळून जात नाई. आधी माह्या संगं चल. अमीना, तू पुढं हो, कुठून तोडाचं ते तुले समजते."

कपाट टेम्पोतच राहिलं. टेम्पोवालाही जाळी धरायला गेला. मी सुतळी ओवून देत होतो, दुसरं काही मला जमत नव्हतं. पुरुषांनी खदानीत भाकरी पोचवल्या. एकानेही पाटीकडे वळून पाहिलं नाही.

१९ नोव्हेंबर

कंपनीचा माणूस सोमवारी आला. बराच वेळ वाकून वाकून पाहत होता. फाटक्या बाजूची झाडं उपटून टाका म्हणाला, बाकीचं चालेल. अमीनाने त्याच्यादेखत पदर तोंडावर ओढून घेतला. वाहेदने कपाट जागच्या जागी लावलं, मग शिलाई मशीन. खामगावच्या भावाला फोनवर सांगत होता, "नाई येत. काकू येऊ देत नाई."

आज राजकुमार तणतणत आला. सोबत मयुरीबाई.

"बोर्ड कोणी उपटला?"

"वांदरानं," मनकर्णा म्हणाली. पाटी उलटी करून तिच्यावरच ती भाकरी निवायला मांडत होती.

"काकू, हा शासनाचा अवमान होते. साखरदरा तुमचं पाहून राह्यला अन् तुम्ही—"

"पाहून राह्यला ना? बरं झालं." तिने टोपली उचलून त्याच्या हातात दिली. "निळी वांदरं तुमची. बुधवारची पाळी साखरदऱ्याची. आज बुधवारच हाय. खदान त्या अंगाला, चप्पल काढू नको, काटे हायेत."

तो टोपलीकडे पाहत राहिला. मग बायकोकडे. मयुरीबाई त्याच्याकडे न पाहता मनकर्णेच्या शेजारी मातीत बसली आणि म्हणाली, "काकू, मोहगव्हाणले कोनता वार सांगू?"

"शनिवार सांग. अन् त्याइले म्हनजो, भाकर ज्वारीची. मैद्याची रोटी खात नाईत ते."

राजकुमार टोपली घेऊन खदानीकडे गेला. गळ्यातली साखळी टोपलीत अडकत होती.

झालं ते चांगलंच झालं. पण मूळ प्रश्न सुटला का? नाही. हुकूम तात्पुरता आहे, राजकुमारचा भरवसा नाही, आणि मधल्याचा कारभार पाहणारं कोणी नाही ते नाहीच. जेवताना मनकर्णेला सांगितलं, उद्या सकाळीच तहसीलला जातो, आता सोडणार नाही.

"उद्या नाई," ती म्हणाली. "उद्या विहिरीवर तुमची पाळी हाय."

परवा जाईन.